खदानीची खाजगी ईटीएस मोजणी: दंडाच्या नोटिशीपुढे किती टिकते?

जादा उत्खननाची नोटीस हातात पडली की खाणपट्टेदार वकील गाठतो आणि वकील त्याला मोजणीवाल्याकडे धाडतो. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत चालणाऱ्या या सेवेचं स्वरूप ठरलेलं आहे: दोन माणसं, तिपाईवर टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र, म्हणजेच ईटीएस), हल्ली सोबत ड्रोन, दिवसभर खदानीवर काम, मग काही दिवसांनी कंटूर नकाशा (समान उंचीच्या रेषांचा), घनमापाचा तक्ता आणि सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र. हे परीक्षण त्या सेवेचं आहे, कुठल्या एका कार्यालयाचं नव्हे.

गुण आधीच देऊन टाकतो. यंत्राला पाचपैकी साडेचार, नकाशाला चार, घनमापाच्या तक्त्याला दोन. खड्डा आज केवढा आहे हे बहुतेक सगळेच नीट मोजतात. तहसीलदारासमोरचा वाद मात्र वेगळाच असतो: खड्डा पडण्याआधी तिथली जमीन कशी होती, त्यातून निघालेला सगळा माल दगडच होता का, आणि तो कोणी, कधी काढला. यांची उत्तरं नसलेला अहवाल म्हणजे गुळगुळीत कागदावर छापलेली नोटिशीचीच दुसरी प्रत.

नोटिशीचा पाया महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम ४८. सरकारनं दिलेल्या सनदेत वेगळं स्पष्ट लिहिलं नसेल तर जमिनीवरचं आणि जमिनीखालचं खनिज राज्य सरकारचं, असं पोटकलम १ सांगतं. पोटकलम ७ नुसार विनापरवाना काढलेल्या खनिजाच्या बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. हुकूम कलेक्टरचा किंवा अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा, आणि तो अधिकारी तहसीलदाराच्या खालच्या दर्जाचा चालत नाही. ‘पाचपटीपर्यंत’ यातला ‘पर्यंत’ वाचायचा राहून जातो. पाचपट ही कमाल मर्यादा आहे. किती पट लावायची आणि का, हे हुकमात दिसलं पाहिजे. बाजारभाव कुठून घेतला हेही दिसलं पाहिजे. मोजणीचा अहवाल यातल्या फक्त एका आकड्याला, म्हणजे ब्रासच्या (१०० घनफुटांचं माप) संख्येला हात घालतो. भाव आणि पट यांच्याशी भांडणं वकिलाचं काम. ते मोजणीवाल्यानं अंगावर घेऊ नये.

याच ठिकाणी सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा थ्रेसिअम्मा जेकब निकाल फिरवला जातो: जमीन ज्याची, खनिज त्याचं. तो निकाल मलबारातल्या जमिनींचा. तिथं खनिजाची मालकी सरकारकडे नेणारा कायदा सरकारला दाखवता आला नव्हता. आपल्याकडे कलम ४८ समोरच उभं आहे. रॉयल्टी हा कर नाही असं सांगणाऱ्या २५ जुलै २०२४ च्या नऊ न्यायमूर्तींच्या निकालाचंही तेच. तो राज्यांच्या कर लावण्याच्या अधिकाराबद्दल आहे, तुमच्या खड्ड्यातल्या ब्रासच्या हिशेबाशी त्याचा संबंध नाही. अहवालाच्या प्रस्तावनेत असे निकाल चिकटवलेले दिसले, तर ती पानं काढायला सांगा. मोजणीवाल्यानं मोजावं.

आता यंत्र. कोन ५ सेकंदांच्या (वेळेच्या नव्हे, अंशाच्या भागाच्या) अचूकतेनं मोजणाऱ्या टोटल स्टेशनची कोनातली चूक १०० मीटरवर साधारण अडीच मिलिमीटर. अंतराची चूकही काही मिलिमीटरचीच. म्हणजे ‘सरकारी यंत्र खोटं, आमचं खरं’ या वादात काही दम नाही. दोन्ही मोजण्या प्रामाणिकपणे केल्या तर खड्ड्याचा आजचा आकार जवळपास सारखाच येतो. तफावत येते ती तक्त्यात, आणि तिचं मुख्य कारण मूळ जमिनीची पातळी.

खड्ड्याचं घनमाप काढायला दोन पृष्ठभाग लागतात: आजचा तळ आणि कालची जमीन. आजचा तळ प्रिझम (यंत्राचा किरण परत पाठवणारी काच) फिरवून मिळतो. कालची जमीन उडून गेलेली असते. मग खड्ड्याच्या काठावरचे बिंदू एकमेकांना जोडून त्यावर एक काल्पनिक पत्रा ताणला जातो आणि पत्र्याखालची पोकळी म्हणजे उत्खनन असं धरलं जातं. सपाट बरडावर ही रीत चालून जाते. टेकडीवर चालत नाही. साक्री-नंदुरबार पट्ट्यात तर मुळीच नाही, कारण तिथं लाव्ह्याच्या थरांतून वर आलेल्या डाइकच्या (उभ्या भेगेत गोठलेल्या दगडाच्या) भिंती मैलोनमैल उभ्या आहेत आणि फोडायला दगड त्यांच्यातलाच आवडतो. समजा डाइकचा १० मीटर उंच, सरासरी १५ मीटर रुंद आणि १०० मीटर लांब तुकडा जमिनीलगत कापून नेला. ते १५,००० घनमीटर झाले, म्हणजे सुमारे ५,३०० ब्रास. काठ जोडणाऱ्या तक्त्यात हा दगड शून्य दिसतो! पट्टेदाराला असा अहवाल वाचून आनंद होतो. समोरची बाजू जुना टोपोशीट (उंची दाखवणारा सरकारी नकाशा) उघडून त्यावरची टेकडी दाखवते, आणि मग अहवालातल्या बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. उलटही घडतं. जिथं आधीपासून घळ किंवा नाल्याचा खोलगट भाग होता, तिथं पत्रा त्या घळीवरूनही ताणला जातो आणि पूर्वीपासूनची हवा दगड म्हणून मोजली जाते. नोटिशीतला आकडा फुगलेला असेल तर ही जागा आधी तपासावी.

पहिला आणि सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे पट्टा देतानाचा कंटूर नकाशा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या दीपक कुमार निकालानंतर ५ हेक्टरखालच्या पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक झाली, त्यामुळे त्यानंतरच्या फाइलीत खाणकाम आराखडा आणि त्याला जोडलेला नकाशा सापडण्याची शक्यता बरीच असते. गौण खनिज शाखेतून प्रमाणित प्रत काढा, नसेल तर माहिती अधिकारात मागा. त्याच्या खालोखाल विभागानं पूर्वी केलेली एखादी ईटीएस मोजणी. तीही नसेल तर ताबा देतानाचा पंचनामा, त्यात खोली किंवा उंची लिहिली असेल तरच. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा टोपोशीट इथं एवढंच सांगू शकतो की टेकडी होती की नव्हती. २० मीटरच्या कंटूर अंतरावर ८ मीटर खोल खड्ड्याचं घनमाप निघत नाही.

गूगल अर्थवरच्या उंचीचे आकडे आधार म्हणून वापरलेला अहवाल सरळ परत करा. तिथल्या जुन्या प्रतिमा कामाच्या आहेत, त्या पुढे येतील. उंची मात्र उपग्रहीय प्रतिमानातून येते आणि त्यात काही मीटरची चूक सहज असते. १ हेक्टर खदानीत मूळ पातळी फक्त १ मीटरनं चुकली तर १०,००० घनमीटरचा फरक पडतो. म्हणजे ३,५३३ ब्रास. ब्रासला ६०० रुपये रॉयल्टी धरली तर नुसती रॉयल्टीच २१ लाखांच्या वर जाते, दंड वेगळाच.

दुसरा घोळ ब्रासचा. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. पण कुठले घनमीटर? खड्डा मोजतो तो अखंड कातळ. रॉयल्टीची पावती फाटते ती डंपरमधल्या फुटलेल्या, पोकळ्या असलेल्या मालावर. घट्ट बेसाल्टचं वजन घनमीटरला साधारण २.८ टन, फुटलेल्या खडीचं साधारण १.५ टन. गणित मांडून बघा: खड्ड्यातले १०,००० घनमीटर म्हणजे २८,००० टन. सुट्या मालाचा ब्रास ४.२५ टनांचा, म्हणून त्याच खड्ड्यातून निघाले ६,५८८ सुटे ब्रास. घनमीटर थेट २.८३ नं भागणारा ३,५३३ म्हणतो.

आणि इथं सेवा विकणारे बरेचदा उलटी समजूत घालून देतात: ‘फुगवट्याचा घटक (फुटल्यावर दगड किती पट जागा घेतो तो आकडा) लावून तुमचा दंड कमी करून देतो.’ हिशेब नीट केला तर तो घटक पट्टेदाराच्या विरोधात जातो. ५,००० ब्रासच्या पावत्या असतील तर थेट भागाकारात पट्टेदारानं जास्तच भरलेलं दिसतं, आणि फुगवटा लावला की १,५८८ ब्रास कमी पडतात. हा मुद्दा आपण होऊन उकरायचा की समोरून आला तर उत्तर तयार ठेवायचं, हे वकिलाशी बोलून ठरवा. मोजणीवाल्यानं तक्त्यात दोन्ही रकाने ठेवावेत आणि घनता कशी ठरवली ते लिहावं. थराथराला दगड बदलतो. डाइकचा घट्ट दगड आणि पोकळ्या भरलेला बदामी ट्रॅप (बेसाल्ट) यांना एकच आकडा लावणं चूक. दोन-तीन नमुने प्रयोगशाळेत दिले की वाद मिटतो.

पट्टेदाराच्या बाजूनं खरोखर जाणाऱ्या गोष्टी दुसऱ्याच आहेत आणि नेमक्या त्याच तक्त्यात नसतात. वरची माती आणि मुरूम: काठावर थराची जाडी दिसते, चार-पाच ठिकाणी मोजून फोटो घ्या आणि तेवढं घनमाप दगडातून वेगळं काढा. दोन लाव्हा थरांच्या मधला लाल मातीचा पट्टा, ज्याला गेरू म्हणतात, तोही वेगळा. टाकाऊ माल खड्ड्याबाहेर ढीग करून ठेवला असेल तर त्या ढिगाचंही ईटीएस घ्या. क्रशरवर न विकलेली खडी पडून असेल तर तिचं मोजमाप त्याच दिवशी झालं पाहिजे, कारण पावती वाहतुकीच्या वेळी लागते, ढिगाला नाही. काढलेली माती त्याच जागेवर भरावाला वापरली असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा प्रमोटर्स अँड बिल्डर्स निकाल कामाला येऊ शकतो. साधी माती गौण खनिज ठरते की नाही हे ३ फेब्रुवारी २००० च्या अधिसूचनेत तिच्या वापरावर अवलंबून आहे, हा त्यातला मुद्दा. हे सगळं अहवालात ‘एकूण उत्खनन’ या एका ओळीत कोंबलं जातं, म्हणूनच तक्त्याला वर दोनच गुण दिले.

कोणी काढलं आणि कुठल्या गटातून, हा पुढचा भाग. टोटल स्टेशनवाला गटाची हद्द ठरवू शकत नाही. त्यासाठी भूमी अभिलेखची मोजणी आणि तिची ‘क’ प्रत लागते. त्या नकाशातले हद्दीचे दगड प्रत्यक्ष शोधून, त्यांचे सहनिर्देशक घेऊन मग खदानीचा नकाशा त्यावर बसवायचा. भूमी अभिलेख आता रोव्हर (उपग्रहावरून जागा मोजणारं यंत्र) वापरतं आणि राज्यात त्याला अचूकता देणारी कॉर्सची ७७ कायमची स्थानकं आहेत, त्यामुळे दोन्ही नकाशे एकाच पद्धतीत आणणं अवघड राहिलेलं नाही. तरीही स्वतःच्या मनानं धरलेल्या ‘१०००, १०००’ या आरंभबिंदूवर अख्खा नकाशा काढलेला असतो आणि तो कशावरच बसत नाही. खड्डा शेजारच्या गटात ४ मीटर सरकला आहे की नाही, हा फौजदारीपर्यंत जाणारा प्रश्न अशा नकाशावर सुटत नाही.

काळाचं म्हणाल तर गूगल अर्थच्या जुन्या प्रतिमा इथं उपयोगी पडतात. उंचीसाठी नाही, काठासाठी. पट्टा मिळाला त्या तारखेआधीच्या प्रतिमेत खड्ड्याचा काठ दिसत असेल तर तेवढा भाग रंगवून वेगळा दाखवता येतो. जुन्या रस्त्याच्या कामासाठी कुणीतरी पूर्वीच खणून ठेवलेली खदान पुढे पट्ट्यात गेलेली असू शकते. प्रत्येक प्रतिमेची तारीख पडद्यावर दिसेल असा छाप घ्यावा.

ड्रोनबद्दल थोडक्यात. वेळ वाचतो, नकाशा देखणा होतो, पण खड्ड्यात तीन गोष्टी त्याला दिसत नाहीत: पाण्याखालचा तळ, वेड्या बाभळीखालची जमीन, आणि उभा कडा. पावसाळ्यानंतर खदानीत साचलेलं पाणी बरेच महिने राहतं. पाण्याची पातळी हाच तळ धरलेला अहवाल उथळ येतो आणि उन्हाळ्यात खदान आटली की खोटा ठरतो. पाणी उपसा किंवा होडीतून वजन बांधलेली दोरी सोडून ५ मीटरच्या जाळीवर खोली घ्या. बाभळीचे शेंडे जमीन म्हणून धरले गेले तर मीटर-दोन मीटरचा फरक. सरळ खाली बघणाऱ्या कॅमेऱ्याला उभी भिंत नीट दिसत नाही, म्हणून तिरक्या कोनातली एक फेरी वेगळी मारायला सांगा. जमिनीवर रंगवलेले नियंत्रण बिंदू (ज्यांची जागा आधी नेमकी मोजलेली असते) किमान पाच, त्यातला एक तळात, आणि तपासणीसाठी दोन वेगळे. उड्डाणाआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवरचा नकाशा बघणं सक्तीचं समजा: भुसावळ, वरणगावला आयुध निर्माण्या आहेत, जळगावला विमानतळ आहे. व्यावसायिक कामाला ड्रोनचा नोंदणी क्रमांक आणि चालवणाऱ्याचं रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. त्यांच्या प्रती अहवालाला जोडायच्या.

प्रमाणपत्राचा कागद मात्र सर्वांत दुर्लक्षित. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदीला त्याच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्याचे दोन भाग आहेत, भाग अ सादर करणाऱ्याचा, भाग ब तज्ज्ञाचा. फाइलीचा हॅशही (फाइल बदलली की बदलणारा डिजिटल ठसा) त्यात लिहायचा असतो. तहसीलदारापुढे एवढी काटेकोर मागणी होईलच असं नाही, पण त्याच नोटिशीसोबत पोलिसांत गुन्हाही दाखल असेल तर फौजदारी न्यायालयात हा कागद लागणार. जुन्या पुरावा कायद्यातल्या ‘६५ ब’च्या नमुन्यावर सही करून देणारे अजून आहेत, नमुना बदलून घ्या.

वेळेचं गणित अहवालाइतकंच महत्त्वाचं. अहवाल नोटिशीच्या उत्तरासोबतच तहसीलदारापुढे गेला पाहिजे. हुकूम झाल्यावर प्रांताकडे अपिलाला कलम २५० प्रमाणे ६० दिवस आहेत. नुसत्या अपिलानं वसुली थांबत नाही, स्टे वेगळा मागावा लागतो. महसुलात खान्देश नाशिक विभागात, पण हायकोर्टातल्या रिटसाठी तिन्ही जिल्हे छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे. आणि खंडपीठ रिटमध्ये सहसा ब्रास मोजत बसत नाही. सुनावणी दिली का, मोजणीच्या वेळी पट्टेदाराला बोलावलं का, अहवालाची प्रत दिली का, आणि त्याच्या हरकतीला हुकमात उत्तर आहे का, हे तिथं पाहिलं जातं. तहसीलदारापुढे दाखल झालेला आणि हुकमात एका ओळीनंही न तपासलेला अहवाल हे खंडपीठात चांगलं हत्यार ठरतं. घरच्या कपाटातला अहवाल कितीही अचूक असो, तिथं त्याचा उपयोग नाही.

वाळूसाठी ही सेवा घेऊ नका. गिरणा, पांझरा, तापीच्या पात्रातला खड्डा एका पुरात भरतो किंवा सरकतो. जूनमधल्या खड्ड्याची नोव्हेंबरमध्ये मोजणी म्हणजे नदीची मोजणी. पावसाळ्याआधी आणि नंतर अशा दोन मोजण्या असतील तरच काही बोलता येतं, आणि त्या वाळूचा घाट सुरू व्हायच्या आधी ठरायला हव्यात.

हीच कार्यालयं तेल-वायूच्या पाइपलाइनखाली जाणाऱ्या शेताची मोजणीही करून देतात, आणि गंमत म्हणजे त्यात ती जास्त भरवशाची. कारण सोपं आहे: मूळ जमीन अजून जागेवर असते. १९६२ च्या पाइपलाइन कायद्यात जमीन जात नाही, वापरहक्क जातो. अधिसूचनेनंतर हरकतीला २१ दिवस. भरपाई म्हणजे झालेलं नुकसान, आणि शिवाय त्या पट्ट्यातल्या जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के. पटली नाही तर जिल्हा न्यायाधीशाकडे. पट्ट्यात पुढे घर, विहीर, तळं करता येत नाही, झाड लावता येत नाही. इथं मोजणीवाल्याकडून नकाशा कमी आणि यादी जास्त घ्यायची. १८ मीटर रुंद आणि १०० मीटर लांब पट्ट्यात दीड बाय दीड मीटरवरची केळीची ८०० खोडं बसतात. ती मोजून, वय लिहून, ठिबकच्या नळ्यांची लांबी, सबमेनचा जोड, बांध, विहिरीपासूनचं अंतर हे सगळं चर खणायच्या आधी तारखेसह टिपलेलं हवं. पट्ट्यामुळे शेताचा तुटलेला तुकडा किती, तिकडे पाणी कसं जाणार, हेही. या कामाला चार गुण द्यायला हरकत नाही.

खदानीच्या मोजणीचं दरपत्रक मागताना ‘ईटीएस मोजणी, एक नग’ असं घेऊ नका. मूळ पातळीचा आधार कोणता, माती-मुरूम-दगड वेगळे रकाने, ढिगांची मोजणी, ‘क’ प्रतीशी जोडणी, पाण्याखालची खोली, कलम ६३ चं प्रमाणपत्र, आणि मोजणी करणारा साक्षीला येणार की नाही व आल्यास त्याचे पैसे किती, या ओळी वेगवेगळ्या लिहून घ्या. मोजणीच्या दिवसाची लेखी खबर तहसीलदार आणि मंडळ अधिकाऱ्याला आधी द्या, पोच घ्या. कोणी आलं नाही तरी पोच फाइलीत राहते. यंत्राचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र चालू तारखेचं आहे का ते बघा. आणि टोटल स्टेशनमधून उतरवलेली कच्ची फाइल, बिंदूंच्या सहनिर्देशकांचा तक्ता आणि ड्रोनचे मूळ फोटो पेनड्राइव्हवर मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. पीडीएफवरून कुणालाच घनमाप पुन्हा काढता येत नाही.